लिंबाखाली नसलेलं पेव

दादा, त्या दिवशी तुझ्या उजव्या बाजूला मला जागाच मिळाली नाही. मी औरंगाबादहून गावी पोचेपर्यंत तुला ओसरीत आणून ठेवलं होतं. तुझा विलास, सूनबाई, वहिनीचे भाऊ, सगळे उजव्या अंगाला दाटीनं बसलेले. डावी बाजू भिंतीकडे होती, तिथं थोडी फट होती, त्यात मी कशीबशी शिरले. आयुष्यभर मी तुझ्या उजवीकडे बसत आले. जेवताना, एसटीत, दवाखान्यातसुद्धा. तुझा डावा कान लहानपणीच गेलेला, त्यामुळं घरातल्या सगळ्यांच्याच ते अंगवळणी पडलेलं. आणि नेमकं त्याच दिवशी, जे तुला सांगायचं म्हणून मी इतकी वर्षं मनात धरून बसले होते, ते वाकून तुझ्या डाव्या कानात सांगितलं. अंगणात आल्यावर माझ्या ते लक्षात आलं आणि मला असं रडू फुटलं की वहिनीनंच मला जवळ घेतलं. खरं तर मी तिला घ्यायला हवं होतं.

मेलेल्या माणसाला कोणता कान ऐकू येतो आणि कोणता नाही, हा काय हिशेब आहे, असं तू म्हणशील. मलाही तसंच वाटतं. पण मन ऐकत नाही. काल तुझा दहावा करून घरी आले, आणि आज लिहायला बसले आहे. तुला हे आवडलं नसतं. "कागद कशाला नासती, ये की बोलायला," असं म्हणाला असतास. आले असते, दादा. पण बोलू कुठं दिलंस तू मला?

मी पोलीस ॲक्शननंतरची. तू त्याच्या आधीचा. त्यामुळं त्या वर्षात आपल्या घरात जे झालं ते मला सगळं ऐकीव आहे. गावोगाव हत्यारं घेतलेली माणसं धान्य शोधत फिरत होती, म्हणून आबांनी ज्वारी पेवात लपवली होती. विलासच्या धाकट्याला पेव म्हणजे काय ते काल मला समजावून सांगावं लागलं. जमिनीत खोल खड्डा घ्यायचा, तोंडाशी अरुंद आणि पोटात ऐसपैस. आतून शेणानं सारवायचा, भुशाचं अस्तर द्यायचं, धान्य भरून तोंड बंद करायचं आणि वर माती लोटून द्यायची. वरून चालत गेलं तरी कळू नये. पोरगा म्हणाला, म्हणजे जमिनीखालचं गोदाम. मी म्हटलं, व्हय बाबा, अगदी तेच.

तू तेव्हा नऊ-दहा वर्षांचा असशील. आबांनी तुला एका दुपारी शेतात नेलं, लिंबाखाली उभं केलं आणि पेव इथं आहे म्हणून सांगितलं. गळ्याची शपथ घातली. आईलासुद्धा सांगायचं नाही. पुढं ती माणसं आली तेव्हा आबा घरी नव्हते. त्यांनी तुला विचारलं. तू गप्प. पुन्हा विचारलं. तू गप्पच. एकानं अशी थोबाडीत दिली की तू चुलीपाशी जाऊन पडलास आणि कानातून रक्त आलं. तरी तू बोलला नाहीस. ती माणसं घरातलं मडकंगाडगं फोडून निघून गेली. आबा परत आल्यावर आई तुला घेऊन देवगाव रंगारीला मामाकडं गेली. पोलीस ॲक्शन झाली, सगळं निवलं, मग तुम्ही परत आलात. तोवर आबांनी पेव उकरून ज्वारी काढली होती आणि खड्डा बुजवलाही होता. तू ते कधी डोळ्यांनी पाहिलंच नाहीस.

हे तू मला कधी सांगितलं नव्हतंस. कान कसा गेला ते घरात सगळ्यांना माहीत होतं. पण लिंबाचं, शपथेचं, आबांनी फक्त तुलाच सांगितल्याचं, हे मला कळलं ते आबा जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर, गोदामाच्या निमित्तानं.

तुला करमाडच्या वाटेवरच्या त्या शेतात गोदाम बांधायचं होतं. कापूस, मका, बियाणं सगळं एका छपराखाली आणायचं होतं. आणि मी सरकारी प्रयोगशाळेत दिवसभर माती चाळत बसलेली. घरचीच इंजिनीअर असताना बाहेरचा माणूस कशाला, असं तू गावात सांगत सुटलास. माझ्या शिकण्याला भावकी नाकं मुरडत होती तेव्हा तूच मला सायकलवर करमाडपर्यंत सोडायचास आणि एसटी हलेपर्यंत उभा राहायचास. त्या सायकलच्या दांडीवर बसून मी इंजिनीअर झाले, हे मी खात्यातल्या साहेबांनाही ऐकवलं आहे. तुला मात्र तोंडावर कधी म्हटलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नव्हती.

आधी तू प्रयोगशाळेत आलास, शेतातली काळी माती फडक्यात बांधून. मी ती वाळवली, चाळली, काचेच्या मोजपात्रात पाण्यात सोडली आणि उद्या ये म्हटलं. तू हसलास. मातीला पाणी पाजायला सरकार पगार देतं व्हय, म्हणालास. दुसऱ्या दिवशी ती माती पात्रात दुपटीच्या जवळ आलेली बघून तू कितीतरी वेळ वाकून बघत राहिलास. "फुगली की गं," एवढंच म्हणालास. मी सांगितलं की पावसाळ्यात ती अशीच फुगून भिंतीला खालून ढकलते आणि उन्हाळ्यात आकसून पायाखालून सरकते, म्हणून काळी पूर्ण काढायची आणि मुरूम लागेल तिथून पाया उचलायचा. मुरूम कुठं किती खाली आहे ते बघायला चारी कोपऱ्यांत खड्डे घ्यायचे. तू मान डोलावलीस आणि जाताना शिपायाला सांगून गेलास की ही माझी बहीण आहे. त्याला ते आधीच माहीत होतं.

खड्डे तूच खणलेस. मजूर लाव म्हटलं तर ऐकलं नाहीस. वैशाख होता, रानात भेगा अशा पडलेल्या की चप्पल अडकावी. तू पहार मारायचास, मी वर बसून थर बघायचे. वर काळी, मग पिवळट चुनखडीची, मग मुरूम. बुजवताना तुझा नियम होता, आधी मुरूम, मग पिवळी, शेवटी काळी. आबांचीच ती शिकवण. पिकाला काळी लागते, ती खाली गाडायची नाही. मी म्हणायचे की इथं आता गोदाम होणार, पीक कुठलं? तरी तू तसंच करायचास, आणि मी चिडायचे, कारण माझा वेळ जायचा.

तेव्हा तू मला ते सांगितलंस. लिंबाच्या बाजूला गोदाम घेऊ नको, तिथं भराव आहे. कशाचा, म्हटलं, तर इकडंतिकडं बघून, रानात चिटपाखरू नसताना, हळू आवाजात पेवाचं सांगितलंस. आबांनी मला एकट्यालाच दाखवलं होतं, म्हणालास. तुझा चेहरा त्या वेळी मी पहिल्यांदाच तसा बघितला. मला आबांनी शिकू दिलं. तुला शेत दिलं, ते तर वारसानं यायचंच होतं. पण ही एक गोष्ट त्यांनी तुला निवडून दिली होती. मला ते तेव्हाच कळायला हवं होतं. मला फक्त एवढं कळलं की भराव किती पसरला आहे ते बघायला लिंबाखालीही खड्डा घ्यावा लागेल.

घेतला. काळी, पिवळी, मुरूम. सगळे थर सरळ, जागच्या जागी, देवानं घातले तसे. एकदा खणलेली माती परत कितीही नीट भरली तरी ती तशी बसत नाही, हे तुलाही ठाऊक होतं. तू म्हणालास, जरा पलीकडं असंल. पलीकडं घेतला. तिथंही तेच. लिंबाच्या तिसऱ्या अंगालाही घेतला. विहिरीकडचा कोपरा राहिला होता, तिकडं पहार घेऊन चालू लागलास.

विहिरीकडच्या कोपऱ्यात पहार वीतभर माती फोडून एकदम आत गेली. तू थांबलास. मग घाईघाईनं खणत सुटलास. काळी, पिवळी, मुरूम, सगळी कालवलेली माती वर यायला लागली. मधे राख, कुजून काळा झालेला भुसा, करपल्यासारखे ज्वारीचे दाणे. आणि कुबट वास. शेवटी सारवणाचा एक मोठा खापरा निघाला, त्यावर बोटं फिरवल्याच्या रेघा अजून दिसत होत्या. काळी वर यायलाच पाहिजे म्हणणाऱ्या आबांनी तो खड्डा कसा भीतीनं, घाईनं बुजवला असेल ते माझ्या डोळ्यांसमोर आलं. तू तो खापरा हातात धरून खड्ड्यात उभा होतास.

वर न बघताच तू म्हणालास, "हे दुसऱ्या कुणाचं असंल."

आपल्याच शेतात दुसऱ्याचं पेव कसं येईल, असं मी म्हटलं. तू म्हणालास की आधी हे रान कुणाचं होतं काय माहीत. मला राग आला. माझ्या कामावर कुणी शंका घेतली की मला राग येतोच, मग तो साहेब असो की भाऊ. मी म्हटलं, "दादा, लिंबाखाली कुणी कधी खणलेलंच नाय. माती खोटं बोलत नाय."

"म्हंजी आबा बोलले?"

तू खड्ड्यातून वर आलास, माझ्यासमोर उभा राहिलास. डावा कान हातानं धरलास, तुला कळलंही नसेल की तू तसं करतो आहेस. "मग मी मार कशापायी खाल्ला, कुसे?"

तू तो खापरा खड्ड्यात ठेवलास, टाकला नाहीस, ठेवलास. आणि खड्डा बुजवायला लागलास. त्या एकाच खड्ड्यात तुला थर लावता आले नाहीत, कारण थर नव्हतेच. मला एसटीवर सोडायला त्या दिवशी तू आला नाहीस.

मग तू माझ्याशी बोलेनासा झालास. वहिनीकडून कळायचं की गोदामाचं काम चालू आहे, पण कुठं, कसं, ते तिलाही सांगता यायचं नाही. मला धास्ती. रागाच्या भरात त्या भरावावर भिंत उभी केलीस तर पहिल्याच पावसात कोपरा बसणार होता. शेवटी न बोलावताच आले. बघते तर गोदाम उभं. पाया मुरमातून उचललेला, मी सांगितलं होतं तसा. आणि विहिरीकडची बाजू चांगली खणभर आखूड. पेवाची जागा तेवढी मोकळी सोडलेली. गावातली माणसं हसत होती की एवढ्या रानात एवढंच गोदाम. तू सगळ्यांना सांगायचास, पत्रे कमी पडले. माझ्याकडं बघून पण तेच म्हणालास. मी पत्र्यांकडं बघितलं. उरलेले पत्रे गोठ्यामागं रचून ठेवले होते.

माझ्या मातीचं तू ऐकलंस आणि माझं ऐकलं नाहीस. त्या दिवशी मी हसले होते, तुला आठवत असेल. नंतर बसमध्ये रडले, ते तुला माहीत नाही.

उत्तर मला खूप उशिरा सापडलं. आमच्या प्रयोगशाळेत मोजपात्रं धुता धुता आईचं एक बोलणं आठवलं. मी कॉलेजात असताना ती एकदा सांगत होती की तुझं रक्त बघून आबा कसे कपाळ बडवत होते. "सांगून टाकायचं की रे पोरा, सांगून का नाय टाकलंस," एवढंच दिवसभर म्हणत होते. मला तेव्हा वाटलं, आबांना धान्यापेक्षा पोर प्यारं, दुसरं काय. सगळ्यांना असंच वाटलं असतं. पण दादा, लिंबाखाली काही नव्हतं. लिंबाखाली काही नव्हतं, आणि आबा म्हणत होते सांगून का नाही टाकलंस. हातातलं पात्र मी तसंच नळाखाली धरून राहिले.

त्यानंतर दर भाऊबीजेला मी मनात वाक्य जुळवून यायचे. ओवाळून झालं, तू ताटात ओवाळणी घातलीस, की मी सुरू करायचे, दादा, ते पेवाचं. तू उठायचास. बैलांना पाणी दाखवायचं असायचं, कुणीतरी हाक मारलेली असायची, जी मला कधी ऐकू यायची नाही. एकदा तर तू सरळ डावा कान माझ्याकडं केलास. इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही.

आणि मग दवाखान्यात, त्या शेवटच्या दिवसांत, तूच विषय काढलास. मी उजवीकडं स्टुलावर बसले होते. तू विचारलंस, "आबा तुला पेवाचं कधी काय बोलले होते का गं?" मी नाही म्हटलं. खरंच नव्हते बोलले. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास, "व्हय. मला एकट्यालाच." तुझ्या तोंडावर इतकं समाधान होतं, दादा. वाक्य माझ्या जिभेवर होतं. पण तुझ्या त्या समाधानावर मला पाणी ओतवलं नाही. म्हटलं, उद्या बघू. तुझ्याजवळ उद्या होता असं मी धरून चालले होते.

काल दहाव्याचं सगळं आटोपल्यावर विलास मला रानात घेऊन गेला. बरोबर त्याचे दोन चुलत मेहुणे आणि धाकटा. त्याला गोदाम वाढवायचं आहे. लिंबापाशी गेल्यावर तो म्हणाला, "आत्या, एक सांगतो. बाबांनी कुणाला सांगायचं नाय म्हणून शपथ घातली होती." आणि सगळ्यांसमोर सांगूनही टाकलं. आजोबांचं पेव इथं होतं, या लिंबाखाली. इतक्या वर्षांनी, ते सगळं बघून, स्वतःच्या हातानं खणून, तू पोराला तीच जागा दिलीस. आबांनी दिलेली. मग मनात आलं की आबांना खरं तर विलाससारखा मुलगा हवा होता, शपथ घातली तरी सांगून मोकळा होणारा. आणि मला तुझी इतकी आठवण आली की मी लिंबाच्या खोडाला टेकले.

विलासला गोदाम विहिरीकडं वाढवायचं होतं. मी नको म्हटलं, तिकडं भराव आहे. कशाचा भराव, त्यानं विचारलं. तुझ्या आजोबांनी केलेला, एवढंच मी सांगितलं. मग लिंबाकडं वाढवतो म्हणाला, आणि स्वतःच थबकला. तिकडं पेव होतं ना. मी त्याच्याकडं बघत राहिले. लिंबाखालच्या इतकी घट्ट माती त्या सगळ्या रानात कुठं नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? एका शब्दाचं काम होतं. मी म्हटलं, "आहे तेवढंच राहू दे बाबा. आखूड आहे, पण पक्कं आहे." तो वैतागून म्हणाला की आत्या, तुम्ही अगदी बाबांसारखं बोलता. मला ते फार बरं वाटलं.

म्हणजे तुझं गुपित मी राखलं आहे. आता माझं तेवढं ऐक. जे डाव्या कानात गेलं ते पुन्हा सांगते, आणि समज की मी तुझ्या उजवीकडं बसले आहे, स्टूल ओढून, अगदी जवळ.

मार कशापायी खाल्ला म्हणून तू विचारलं होतंस. आबांनी ती जागा तुला जपायला दिली नव्हती रे. शपथ घातली ती यासाठी की तुला ती खरी वाटावी आणि खेळता खेळता तू कुणाला बोलू नयेस. पण कुणी डोळे वटारले की पोर बोलणारच, हे धरून त्यांनी ती दिली होती. तू लिंब दाखवला असतास, ती माणसं खणत बसली असती, काही मिळालं नसतं, आणि राग आबांवर निघाला असता. तुझ्यावर नाही. त्याची आबांची तयारी होती. मातीचा अंदाज आबांचा कधी चुकला नाही. तुझ्याबद्दलचा मात्र चुकला. आणि कान गेलेल्या पोराला, तिथं काही नव्हतंच रे, हे कोणता बाप सांगेल? ते त्यांना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

दादा, ती जागा सांगून टाकण्यासाठीच होती. तू सांगायला हवं होतंस.